जर्मनची थाळी

परंड्याच्या किल्ल्यामागच्या गल्लीत प्रेमलाबाईंची जर्मनची थाळी वाजली की भटकी कुत्री शेपट्या हलवत गोळा व्हायची. माणूस दिसताच पळणारी ही जनावरं बाईंनी जखमा धुऊन, हळद भरून माणसाळवली होती. गेल्या सोमवारी पिंजऱ्याची गाडी आली, पण एकही कुत्रं हाती लागेना. "बाई, तुमी थाळी वाजवा. नसबंदी करून इथंच आणून सोडतो," गाडीवाला म्हणाला. बाईंनी वाजवली. लंगडी काळी मागं राहिली, तर तिला स्वतः उचलून आत ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या भाकरी कुस्करून वाट बघत बसायच्या. आज शेजारच्या गावचे उपसरपंच हात जोडून दारात आले. "बाई, तुमच्या गल्लीतली समदी कुत्री एका दमात येडशीच्या जंगलात नेऊन सोडली म्हणं. आमच्याकडं बी लई झालीत. गाडी बाहेर उभीच हाय. तेवढी थाळी घेऊन चला."