दादाचा तंबू

"दादा, तू खिडकीशी बस. वारं लागलं की मळमळत नाही," असं म्हणून ओवीनं स्वतःची जागा सोडली आणि जीपच्या मधल्या सीटवर सरकली. एरवी खिडकीसाठी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण आजारी माणसाशी भांडायचं नसतं, एवढी अक्कल तिला नवव्या वर्षी आली होती.

देवेश बारा वर्षांचा. तो मुकाट्यानं खिडकीशी बसला.

औरंगपुऱ्यातल्या घरापासून म्हैसमाळपर्यंत ओवीचं सगळं लक्ष त्याच्यावर. टोपी घाल, पाणी पी, डोकं बाहेर काढू नको.

"लईच जपती की भावाला," कडुबा ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्यापेक्षा हीच आई वाटायली, वहिनी."

पुढे बसलेली त्यांची आई, उमा, हसली नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि बाहेर बघत राहिली.

ही सहल 'मोकळं रान' नावाच्या संस्थेनं काढली होती. फार आजारी असलेल्या मुलांना डोंगरात, तंबूत, नदीकाठी न्यायचं आणि त्यांच्या मनातलं काय असेल ते पुरं करायचं, हे या संस्थेचं काम. संस्थेची करुणाताई घरी आली, तेव्हा तिनं आधी ओवीलाच विचारलं होतं, "तुला काय करायला आवडेल गं?" ओवीला हसूच आलं. दादा लाजाळू, म्हणून ही मला विचारते, हे तिनं लगेच ताडलं.

"दादाला तंबू हवाय," तिनं ठोकून दिलं. "आणि रानात चूल मांडून चहा करायचाय त्याला."

देवेशनं मान डोलावली. करुणाताईनं उमाकडे पाहिलं. उमा गडबडीनं सरबत आणायला उठली.

दादाच्या अंगात रक्तच नीट तयार होत नाही, हे आईनं तिला श्रावणात सांगितलं. तोवर ओवीचा आणि सुईचा उभा दावा होता. नुसती तपासणी म्हटली तरी ती दवाखाना दणाणून सोडायची, दोन-दोन सिस्टरना आवरायची नाही. मग एकदा आई तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "तुझं रक्त दादाला जुळतंय, ओवी. देशील त्याला?"

त्या दिवशी ओवीनं जो हात पुढे केला तो पुन्हा मागे घेतला नाही. डोळे मिटायचे, दात आवळायचे आणि शेजारच्या खाटेवरच्या दादाचा हात धरून ठेवायचा. दादाच्या मनगटाला पांढरी पट्टी असे. डोळे उघडले की स्वतःच्या डोक्याशी टांगलेली लाल पिशवी दिसे. ती हळूहळू चपटी होई. म्हणजे दादाला पोचलं.

रक्त दिलं की थकायला होतंच, असं आई सांगे. ओवीला तर आता शाळेचा जिनाही चढवत नव्हता. नवल म्हणजे, दवाखान्यातून आल्यावर चार दिवस मात्र तिला सपाटून भूक लागे आणि अंगणात खेळावंसं वाटे. "चांगलं काम केलं की असंच होतं," आई म्हणे. ओवीला ते पटायचं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. आपलं रक्त पुरलं नाही, तर दादा मरेल.

म्हैसमाळला जीप वर रस्त्यावर थांबली. तंबू खाली, उतारावरच्या एका झाडाजवळ; करुणाताई आधीच येऊन तिथं थांबली होती. उतरताना देवेश थोड्या थोड्या वेळानं दगडावर बसायचा. "थांब गं, दम लागला." आणि प्रत्येक वेळी नेमका ओवीलाही लागलेला असायचा. बरं झालं, तिला वाटायचं, आपल्याला बोलून दाखवावं लागलं नाही.

तंबू निळा होता. देवेशनं चूल पेटवली, चहा केला. चहा अगदीच पाणचट झाला होता, पण ओवीनं मिटक्या मारत प्यायला.

"दादा, मी अजून पुष्कळ रक्त देईन," ती हळूच म्हणाली. "तू फक्त बरा हो."

देवेशनं तोंड फिरवलं. "धूर गेला डोळ्यात," तो म्हणाला.

जेवायच्या आधी ओवी हात धुवायला गेली. करुणाताईनं फांदीला पाण्यानं भरलेली प्लास्टिकची जाड पिशवी टांगली होती आणि तिला खाली बारीक नळी. ओवीनं चाप सोडला. पाणी हातावर आलं. मग गंमत म्हणून तिनं नळीचं तोंड पिशवीच्याही वर धरलं. पाणी थांबलं.

"ताई, हातातलं पाणी पिशवीत पाठवायचं असलं तर?"

करुणाताई काकडी चिरत होती. "मग पिशवी खाली ठेवावी लागेल, वेडाबाई," ती मान वर न करता म्हणाली. "वर टांगली की पिशवीतलं आपल्याकडेच येणार."

ओवीनं नळी खाली आणली. पाणी पुन्हा तळहातावर पडू लागलं. तिनं वर पाहिलं. पिशवी हळूहळू चपटी होत होती.

तिनं हात पुसले नाहीत. तशीच चुलीजवळ आली.

"दादा, दवाखान्यात माझी पिशवी वर का टांगतात रे?"

देवेशच्या हातातला पेला सुटला. त्यानं आईला शोधलं. ती वर जीपमधून पांघरुणं काढत होती. "आई!" अशी हाक मारत तो उठला, आणि सकाळी जागोजागी बसत उतरलेला तो अख्खा चढ एकदाही न थांबता धावत चढून गेला.