तळ्यातला ट्रॅक्टर

गाळ काढताना आमचा ट्रॅक्टर घरामागच्या तळ्यात रुतून बसला. मी गाळात हात घालून, चाचपडत साखळीचा हूक अडकवला. काठावरून दादाने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढायला सुरुवात केली. आमचा जागचा हलेना. त्याच्या पुढ्यातून दुसराच, गंजलेला ट्रॅक्टर वर यायला लागला. अप्पांचा.

आईशी भांडून अप्पा ट्रॅक्टर घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा तळं तुडुंब भरलेलं होतं. "मेल्याने दुसरा संसार थाटला असेल," असं म्हणत आईने आम्हाला वाढवलं.

सीटवर काय उरलं होतं, ते दादाने मला बघू दिलं नाही.

आईला सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तोंड कुठे होतं रे ट्रॅक्टरचं?"

दादाने मान खाली घातली. "घराकडे."