पन्नासावं धुणं

तिसरी पट्टीही विझली.

काचेच्या पेटीत टांगलेली सुती पट्टी, खालून बर्नरची ज्योत, बारा सेकंद. ज्योत बाजूला घेतली की पट्टीने मुकाट विझायचं. तिने तसंच केलं. खालच्या टोकाला चार बोटं काळा डाग राहिला, बस्स. चिमणीने डागाला मोजपट्टी लावून तक्त्यात आकडा लिहिला.

"बघ मावशी, पन्नास धुण्यांनंतरसुद्धा! दादाच्या अंगावर ठिणगीच काय, निखारा पडला तरी काही होत नाही."

चिमणी म्हणजे मावशीच्या सख्ख्या बहिणीची पोर. आई गेल्यावर मावशीकडेच वाढली, आणि मावशीनेच साहेबांच्या मागे लागून तिला या कारखान्यात चिकटवली. इथे सुती कापडाला आग न धरणारा लेप देत. मावशी खालच्या मजल्यावर नमुन्याच्या पट्ट्या पन्नास वेळा धुवायची, चिमणी वरच्या मजल्यावर त्या जाळून बघायची. मावशीला सगळे पन्नासमावशीच म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. लेप धुण्याला टिकतो की नाही हे आपल्या हातून ठरतं, याचा तिला थोडा ताठाही होता.

एरवी धुतलेल्या पट्ट्या पोचवून ती खाली जायची. आज थांबली. याच कापडाची डांगरी घालून तिचा मुलगा, चिमणीचा दादा, गेला दीड महिना पोलाद कारखान्याच्या भट्टीसमोर उभा राहत होता. ती डांगरी मावशी रोज संध्याकाळी घरी स्वतः धुवायची, आणि सवयच अशी की मोजायचीही. काल त्रेचाळिसावं धुणं झालं होतं.

"बघू तरी एक," म्हणत तिने टेबलावरची चौथी पट्टी उचलली. अंगठ्याने चोळली. पुन्हा चोळली.

पट्टी करकरीत होती. पन्नास धुण्यांनी कापडाचं काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. ते मऊ पडतं, कडांना लव सुटते, दुमडलं तर दुमडलेलंच राहत नाही. ही पट्टी पाण्यात गेलेलीच नव्हती.

कोपऱ्यात मात्र लाल दोऱ्याच्या पाच गाठी होत्या, दर दहा धुण्यांना एक. मावशी डावखुरी. दोन वेढे देऊन उलट्या बाजूने ओढलेली तिची गाठ अख्ख्या कारखान्यात कुणाला जमत नसे. एकीला सोडून. फ्रॉकची बटणं लावायला शिकवताना ती गाठ मावशीनेच चिमणीच्या बोटांत बसवली होती.

मावशीने आवाज चढवला नाही.

"मी धुतलेल्या कुठेयत गं?"

चिमणीने खालचा खण ओढला. सगळ्या तिथेच होत्या, रबर लावून ठेवलेल्या. मावशीने त्यातली एक सोडवली, स्वतः पेटीत टांगली आणि बर्नर खाली सरकवला. चिमणी "नको, मावशी" म्हणाली तेवढ्यात पट्टी भस्सकन पेटली. बारा सेकंद मोजायची वेळच आली नाही. आग टोकापर्यंत चढली आणि चिमट्यात नुसती राख उरली.

"तीस धुण्यांपर्यंत टिकतो लेप," चिमणी टेबलाकडे बघत म्हणाली. "पुढे नाही टिकत. साहेब म्हणाले, पन्नास लिहिलं नाही तर काम दुसरीकडे जाईल. आणि मला कायम करतो म्हणाले."

"म्हणून माझी गाठ मारलीस?"

"साहेब म्हणाले, खालून आल्यासारखं दिसलं पाहिजे."

ज्या हातांना धरून दोरा ओवायला शिकवलं, त्याच हातांनी आपला केसाने गळा कापला, हे मावशीला अजून पुरतं पटत नव्हतं. पोर मुळातच धांदरट. काय करतोय ते कळलं नसेल, साहेबांपुढे घाबरली असेल. मावशी अजूनही तिच्यासाठी पळवाट शोधत होती.

"अगं, पण जावईही त्याच भट्टीवर आहेत. माझ्या पोराच्या शेजारीच उभे असतात. निदान नवऱ्याचा तरी विचार करायचास!"

"त्यांना मी दुसरी आणून दिलीय," चिमणी म्हणाली. "बाहेरून. चांगली जाड आहे."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात."

चिमणीला आता बोलून मोकळं व्हायचं होतं.

"दादाने विचारलं होतं मला, ह्यांची डांगरी वेगळी का म्हणून. मी सांगितलं, आधीची मापात बसत नव्हती."

मावशीने मोबाइल काढून मुलाचा नंबर लावला. पहिली पाळी सुरू होऊन दोन तास झाले होते, आणि भट्टीवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, हे तिला माहीत होतं. रिंग पूर्ण वाजून थांबली. ती दाराबाहेर पडली, कठड्याला धरून भराभर जिना उतरायला लागली, आणि उतरता उतरता तोच नंबर पुन्हा लावला.

वरून चिमणीचा आवाज आला, लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आल्यावर यायचा तसाच, लाडिक आणि घाबरलेला.

"मावशी, माझं नाव नको हं सांगू!"