पट्टीवरची सही

मारलंस तू. हात माझा होता, म्हणून नाव माझं झालं. आठ महिने झाले, तोंडातून एक शब्द काढत नाहीस. आज तरी कबूल कर.

विजेता बाकावर बसून देवाशी भांडत होता. ओठ हलत नव्हते. त्याचा उजवा हात उस्तादच्या मांडीवर होता आणि उस्ताद त्याला पट्टी गुंडाळत होता. मनगटाला तीन वेढे, अंगठ्याला एक, मग बोटांच्या सांध्यांवर. भिंतीपलीकडे सभागृह भरत होतं. दाराशी एक म्हातारा उभा राहून हे सगळं बघत होता.

म्हाताऱ्याने बघायचंच असतं. नियमच तसा आहे. हाताला पट्टी बांधताना समोरच्या गटाचा एक माणूस हजर राहतो, आत काही कडक घातलं नाही याची खात्री करतो आणि वरच्या चिकटपट्टीवर सही करतो. सही नाही तर ग्लोव्ह्ज नाहीत. डाव्या हातावर त्याने मुकाट्याने सही केली होती.

"बोटं पसर," उस्ताद म्हणाला. "प्रार्थना झाली का?"

"ऐकतोय कुठे तो."

"मग पहिल्या रांगेचं तिकीट काढून देऊ त्याला. फुकट यायची सवय मोडली पाहिजे."

विजेता हसला नाही. पूर्वी हसायचा. पूर्वी प्रार्थना अर्ध्या मिनिटात उरकायची: माझ्या मुठीत ये, बाकीचं मी बघतो. सव्वीस लढती तो आला. सत्ताविसावी किताबाची होती. नवव्या फेरीत समोरच्या पोराचे हात खाली आले आणि याने उजव्याचा ठोसा हाणला. पोरगा पडला तो उठला नाही. चौथ्या दिवशी इस्पितळातच त्याने प्राण सोडला.

पडला त्या संध्याकाळी, पुढचं काही माहीत नसताना, विजेता कमरेला पट्टा लावून माइकवर ओरडला होता, "हा ठोसा माझा नव्हता! देव उतरला होता माझ्या मुठीत!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. पोरगा गेल्यावर त्याच लोकांनी त्याची समजूत घातली, देवाची मर्जी. सगळ्यांची सोय झाली. लढत न थांबवणाऱ्या रेफरीची झाली, तिकिटं विकणाऱ्यांची झाली, डॉक्टरची झाली. एका देवाच्या खांद्यावर किती जण हात पुसतात!

याची सोय तेवढी झाली नाही. सरावात तो एकटाच हवेत ठोसे मारायचा, आणि काही वेळाने समोरची हवा हात खाली सोडायची. रोज. मग याचा उजवा हात अर्ध्यात अडायचा. उस्तादने ते पाहिलं होतं आणि गिळलं होतं. आज पट्टा राखायचा होता. देवाने एकदा म्हणावं, मी मारलं, तर हात सुटेल. नाही तर समोरचा सोलून काढेल. आजचा समोरचाही मेलेल्या पोराच्याच तालमीतला, त्याचा जोडीदार. दोघांना शिकवणारा एकच. आता दाराशी उभा होता तो. मेलेल्या पोराचा बाप.

उस्तादने शेवटची चिकटपट्टी दाबली. "या दादा. करा सही."

म्हातारा जवळ आला. अंगठ्याने एकेक सांधा दाबून बघितला. लेखणी उघडली. सही केली नाही.

विजेत्याला राहवलं नाही. "काका, ती देवाची मर्जी होती."

"असेल," म्हातारा म्हणाला. "त्याच्याशीच बोलत होतो मी तेव्हा. टॉवेल माझ्या हातात होता. आत फेकला असता तर लढत तिथेच संपली असती. आणि मी डोळे मिटून उभा! पोराला वाचव, पोराला वाचव. वीस वर्षं पोरांना कानफटीत मारून शिकवलं, रिंगमध्ये डोळे मिटायचे नाहीत. मीच मिटले. माझ्या पोराला मी मारलं. घरात बायकोसमोर हे बोललोय मी. तेव्हापासून ती माझ्या ताटात वाढते, पण माझ्याकडे बघत नाही."

"दादा, आता कशाला ते?" उस्ताद म्हणाला. "वेळ झाली."

"तू गप रे." म्हाताऱ्याने विजेत्याचा हात सोडला नव्हता. "त्या फेरीचं चित्रण आहे माझ्याकडे. रोज बघतो. त्यात माझ्या पोराची पाठ दिसते आणि तुझं तोंड दिसतं. त्याचे हात खाली येतात. तू थांबतोस. उजवा हात मागे घेतोस. त्याच्या खांद्यावरून माझ्या कोपऱ्याकडे बघतोस. टॉवेल येतोय का, बघतोस. मग मारतोस."

उस्तादने मान वळवली. त्याच्या कोपऱ्यातून त्यालाही ते दिसलं होतं.

"हे सगळं एका श्वासात होतं. पण होतं," म्हातारा म्हणाला. "पोरा, देव मुठीत असता तर माझी वाट कशाला बघितली असतीस? तो संपला होता, हे तुला कळलं होतं. मला नाही कळलं, रेफरीला नाही कळलं. त्या अख्ख्या सभागृहात तुला एकट्याला कळलं होतं."

दारावर थाप पडली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, पाच मिनिटं.

विजेत्याने छताकडे बघितलं.

"तिकडे काय बघतोस? मी इथे उभा आहे. थांबला होतास ना? मग मारलंस का?"