हिरवा जरा फिका

"एका चिपचे दोन डॉलर म्हणतोय कारखानेवाला," ऑर्व्हिलने फोनवर हात ठेवून सांगितलं. डलुथमधल्या त्यांच्या गुरुवारच्या पोकरच्या अड्ड्याला पैशांऐवजी डावावर लावायला स्वतःचं नाव छापलेल्या मातीच्या चिप्स, म्हणजे चकत्या, हव्या होत्या.

"आपण खेळणार पंचवीस सेंटवर आणि चिप दोन डॉलरची? वा!" अड्ड्यावरचा त्याचा जुना दोस्त डेल्बर्ट खूश झाला. "मागव पाचशे. अर्धे पैसे माझे."

"पण बनवायला चौदा महिने लागतात म्हणे." ऑर्व्हिल म्हणाला. डॉक्टरांनी डेल्बर्टला सहाच महिन्यांची मुदत दिली होती.

"मग? पैसे भरलेला माल बघितल्याशिवाय मी कुठे जातोय? मागव, लेका!"

चौदाव्या महिन्यात खोकं आलं. काठी टेकत आलेल्या डेल्बर्टने ते स्वतः फोडलं. एक चिप तळहातावर तोलली, दुसरीवर आपटून आवाज ऐकला आणि समाधानाने मान डोलावली. आता तर माल बघून झाला, ऑर्व्हिलच्या मनात आलं.

"माल झकास," डेल्बर्ट म्हणाला. "फक्त हिरवा जरा फिका आलाय. परत पाठव."

ऑर्व्हिलने चिप कारखान्याने आधी पाठवलेल्या नमुन्याशेजारी धरून पाहिली. तसूभरही फरक नव्हता.

"जरा कुठला, फारच फिका!" म्हणत त्याने फोन लावला आणि कारखान्याला बजावलं, "घाई अजिबात करू नका."