बॅटरीची वायर

अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी बॅटरीची वायर कशाला सोडायची, असं बायकोला सुनावून तो जॅकवर चढवलेल्या गाडीखाली सरकला. स्टार्टरची नवी मोटर बसली, शेवटचा बोल्ट आवळायचा राहिला. इतक्यात गाडीचं दार उघडलं. “चालू करून बघतो!” म्हणत वडील स्टिअरिंगसमोर बसले. चावी गाडीलाच लावलेली होती आणि गाडी गिअरमध्ये. मोटर फिरली की गाडी जॅकवरून घसरून त्याच्या छातीवर येणार. “बाबा, चावी नको!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. वडिलांना कमी ऐकू यायचं. चावी फिरली. काहीच झालं नाही. “नवी मोटरपण फुसकीच निघाली की काय?” वडील कुरकुरले. इंजिनाच्या फटीतून त्याला बायकोचा हात दिसला, सोडलेली वायर मुठीत आवळलेला. “मोटर चांगली आहे, बाबा,” तिचा आवाज कापत होता, “खालचा माणूस बदलायला हवा.”