बुडालेल्या बोटीचा खलाशी

"आधी देवापुढं ठेवा, मग फोडा," आत्याबाई म्हणाल्या. अभिलेखागारातून आलेलं पाकीट दिगंबरनं नारळाशेजारी ठेवलं. युद्धात बोटीबरोबर बुडालेल्या खलाशी बापाच्या नावानं आत्याबाई दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देत.

हा शोध मुळात दिगंबरच्या बायकोचा, म्हणजे त्यांच्या भाचीचा. "निघाली आजोबा उपसायला!" म्हणून तो तिची टर उडवायचा. पुढं "काही सापडत नाही" म्हणत तिनं नाद सोडला. ती वारल्यावर तिचं राहिलेलं काम तरी पुरं करावं म्हणून त्यानं स्वतः अर्ज केला होता.

पाकीट फोडून त्यानं वाचलं. बोट बुडण्याआधीच्या बंदरातच खलाशी पळून गेला होता. सोबत तिथल्याच त्याच्या दुसऱ्या लग्नाची नोंद होती.

"काय लिवलंय?"

"बोटीबरोबर... बोटीबरोबरच गेले," दिगंबरनं घाईनं कागदाची घडी घातली.

आत्याबाई हसल्या. "तीपण इथंच अडखळली होती. मग रडतरडत खरं काय ते सांगितलंन. अहो, बाप जिवंत सुटला, एवढं मला पुरे. तेव्हापासून नारळ देते तो त्या सुटकेचा."

म्हणजे तिला सगळं सापडलं होतं. त्याच्याच घरात राहून तिनं हे त्याला न सांगता पोटात ठेवलं होतं.

"मला कशी बोलली नाही?" त्यानं विचारलं.

आत्याबाईंनी नारळाला कुंकू लावलं. त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "तुम्ही हसाल, म्हणाली."